मानांकनाची काच

आमच्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राला गुणवत्तेचं मानांकन मिळालं. प्रमाणपत्र हौसेनं काचेच्या चौकटीत घालून दाराशी लावलं. पण ते कुणी वाचेल तर शपथ! मी चिडलेच होते.

काल कुसुमताई आल्या. यजमान गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. चौकटीपुढे थबकल्या. म्हटलं, एक तरी वाचक मिळाला! पण त्यांनी काचेत बघून केस सारखे केले, पदर नीट घेतला.

“बरी दिसतेय ना गं?”

“छान दिसताय.”

तपासायला आलेल्यांनी पंखे, पाणी, पायऱ्या, सगळं पाहिलं होतं. पुन्हा चार माणसांत जावंसं वाटणं, हे ते कोणत्या रकान्यात लिहिणार?

आतून कुणीतरी हाक मारली, “या, कुसुमताई!” त्या आत गेल्या. मी पदरानं काच लख्ख पुसली.