फोटोपुरतं अंडं

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बरेचसे विसरलो. हे चार अंड्यांचं होतं, ते राहिलं. माझं शिक्षण बेताचं. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. जमेल तसं लिहितो.

पुण्यातल्या एका वस्तीत लहान मुलांसाठी पोषण केंद्र होतं. निधी हिंजवडीकडच्या एका कंपनीचा, कारभार एका संस्थेचा. दुपारी खिचडी, आठवड्यातून तीनदा अंडं, शनिवारी आहाराचे धडे. एके दिवशी संस्थेचे सचिव सकाळच्या हजेरीलाच ठाण्यात हजर. कडक इस्त्री, हातात फाइल. फाइलीत प्रत्येक मुलाचा अंडं धरलेला फोटो. मुलांना अंडी मिळतात, पण साठ्यातली निम्मी स्वयंपाकाची बाई पळवते, काल तिच्या पिशवीत चार सापडली, अशी फिर्याद. कंपनीचे लोक तपासणीला येणार होते, म्हणून घाई.

बाईला बोलावलं. महिला शिपायाला शेजारी बसवून विचारपूस केली. दरडावलं, समजावलं, चहा पाजला. ती एकच सांगे, चार घेतली, ती पण पोरांनाच द्यायला. बाकीच्या अंड्यांचं विचारलं की खाली बघायची. चोर एक तर सगळं नाकारतो, नाही तर कंटाळून सगळं कबूल करतो. चारच कबूल करून गप्प बसणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "साहेब, सगळी माझ्यावर लिहा. पण केंद्रावर चौकशीला जाऊ नका."

असं म्हटल्यावर कुठला पोलीस जाणार नाही?

घरी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मोठ्यांना काय विचारता? पोरांच्या हातात अंडं द्या. नेहमी खाणारं पोर झटक्यात सोलतं." मी म्हटलं, मग तूच घाल वर्दी. म्हणाली, "तुमची मला ढगळ होईल." सकाळी तिनंच पाच अंडी उकडून डब्यात दिली.

केंद्रावर पोरांतली पाच समोर बसवली. आधी धडा विचारला, अंड्यात काय असतं? एका सुरात म्हणाली, प्रथिनं. शाबास म्हणून एकेक अंडं हातात दिलं. कोणी सोलेना. पाचही जण उठून भिंतीला पाठ लावून ओळीत उभे राहिले. अंडं छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघून हसायला लागले. मला काही कळेना. मग एक चिमुरडी हात पुढं करून म्हणाली, "काका, फोटो झाला? हे घ्या परत."

खा म्हटलं, तरी एकमेकांची तोंडं बघत राहिली.

पुढचं सोपं होतं. अंडीवाल्याला गाठलं. महिन्याला एक ट्रे जायचा, बिलं मात्र ढीगभर अंड्यांची. तोच ट्रे उकडायचा, फोटो झाले की सचिवांच्या गाडीत परत. त्यातलीच चार बाईनं काढून ठेवली होती. तपासणीत तूट निघेल म्हणून सचिवांनी सगळी चोरी तिच्या नावावर घातली. सचिव तासभर समाजसेवा सांगत होते. पोरीचं वाक्य ऐकवल्यावर पाणी मागितलं. पाणी मागितलं की माणूस कबुलीला आला समजावं. अटक केली, बाईला मोकळं केलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पंधरवड्यात कंपनीनं निधी थांबवला. नाव खराब होतंय म्हणे. केंद्राला कुलूप लागलं. बाई ठाण्यात आली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मी सुटले, साहेब. पोरं अडकली. अंडी खोटी होती, पण खिचडी खरी होती. म्हणून गप्प होते."

मी तिला शंभर प्रश्न विचारले होते. गप्प का आहेस, हा एक विचारला नाही. अटकेआधी कंपनीच्या माणसांना भेटून सांगता आलं असतं, कारभारी बदला, जेवण बंद करू नका. ते सुचलंच नाही. दोषारोपपत्र गेलं की माझं काम संपलं, असं मी धरून चाललो.

बायकोला सांगितलं तेव्हा तिनं आपलं भरलेलं ताट बाजूला सारलं. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. गेल्या वर्षी ती गेली. घरात आता हे कुणाला सांगू, म्हणून इथं लिहितो. खात्यात नव्यानं आलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. चोराच्या हातात बेडी घालायच्या आधी त्या हातातलं पोरांचं ताट दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावं.