बाबांच्या चटणीची बरणी

तमाम वाचकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकात देवळीतल्या आमच्या घरी माझ्या वडिलांवर विषप्रयोग चालू होता. निदान एका सकाळी मला तसा पक्का संशय आला.

बाबांना मधुमेह. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सकाळी एक गोळी लावून दिलेली. गोळी घेऊन, भाकरी खाऊन ते कापडाच्या दुकानात बसत आणि अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटे. हात इतका कापे की कैची वाकडी चाले. एकदा तर गिऱ्हाइकासमोरच ते कापडाच्या ताग्यावर आडवे झाले. साखरपाणी पाजल्यावर डोळे उघडले.

बाबांचा संशय गोळीवर. "मेडिकलवाल्यानं नकली माल देला. उद्यापासून बंद!" माझा संशय बाबांवर, कारण ते चोरून पेढे खात असणार. आणि आईवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

चहावरून मात्र रोज भांडण होई. बाबांना अर्धा चमचा साखरेची परवानगी होती.

"अवं, साखर टाकली काऊन नाई?"

"टाकली ना! तुमची जीभच गेली, त मी काय करू?"

बाबांसाठी जवसाच्या चटणीची वेगळी बरणी असे. "तिखट कमी हाय त्यात," आई म्हणे. एका सकाळी त्याच बरणीतली चटणी मी भाकरीवर घेतली. चांगलीच कडवट लागली. वरून माझा दोन चमचे साखरेचा चहा प्यालो, तर नुसतं गरम पाणी! साखरेचा दाणा जिभेवर ठेवला, तो वाळूसारखा लागला. मला घाम फुटला, तो मात्र भीतीचा. बरणी पिशवीत घातली, आईबाबांना बसमध्ये बसवलं आणि थेट वर्धा गाठलं.

डॉक्टरांनी चटणी हुंगली, चाखली आणि विचारलं, "यात काय घालता?"

बाबा म्हणाले, "जवस, लसूण, मीठ."

आई पदराशी खेळू लागली. "थोडा गुडमारचा पाला. वाळवून, कुटून. पण तो काही औषध नाई, डॉक्टरसाहेब. भाजीवानीच त हाय."

"मागे मी विचारलं होतं, दुसरं औषध चालू आहे का?"

"म्हणून त नाई म्हटलं!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताई, गोळी साखर खाली ओढते. हा पाला जिभेवरची गोडी मारतो, तशी रक्तातली साखरही ओढतो. दोन्ही एकदम पोटात गेले, तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. एखाद्या दिवशी साखरपाणी पाजायला जवळ कुणी नसेल."

बाबांनी बरणीकडे पाहिलं, मग आईकडे. आई पांढरीफटक पडली होती. बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"अवो माय, म्या त यायले वाचवून राह्यली होती!"