डायनासोरची उत्तरपूजा

आमच्या संस्थेच्या संग्रहालयात डायनासोरचं दालन करायचं ठरलं तेव्हा जो तो एकच विचारायला लागला, कोल्हापुरात डायनासोर सापडला कधी? सापडला नाही आणि सापडणारही नाही. आपल्या पायाखाली आहे तो लाव्हारसाचा काळा दगड, त्यात हाडं मिळत नाहीत. भूशास्त्र शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन. पण आमच्या चेअरमनसाहेबांना दारावर ‘कोल्हापूरचा डायनासोर’ असा बोर्ड हवा होता. मी म्हटलं, लावा बोर्ड, मग दालनही तुम्हीच सांभाळा. विषय तिथंच मिटला. नर्मदेकाठी ज्याची हाडं सापडली तो मांसाहारी प्राणी पूर्ण आकारात उभा करायचा आणि भोवती दगडांचे नमुने मांडायचे, असं ठरलं.

साहेब तयार फायबरचा प्राणी विकत आणायच्या विचारात होते. मी भांडून ते काम माझ्या वडिलांकडे घेतलं. आबा गंगावेशीत गणपती करतात. मंडळांचे मोठे, उभे गणपती ही त्यांची खासियत. आयुष्यभर त्यांनी जे जे घडवलं ते अनंत चतुर्दशीला पाण्यात गेलं, आणि त्याबद्दल त्यांना वाईट वाटल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. पण अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. एकदा चहा पिता पिता, बशी सांडली म्हणून पुसता पुसता, ते म्हणाले, “एक तरी काम ऱ्हायला पायजे हुतं माझं.” हा डायनासोर त्यांच्या हातचा झाला पाहिजे आणि तो राहिला पाहिजे, हे मी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं.

दालनातच काम सुरू झालं. मंडळाच्या मूर्तीसारखाच चाकांचा लोखंडी पाट, त्यावर सळ्यांचा सांगाडा, मग जाळी, काथ्या, प्लास्टर. मी चित्रं छापून भिंतीला चिकटवली होती. त्यांत प्राणी पाठ आडवी ठेवून, शेपूट हवेत लांबवून चालत होता. आबांनी चित्रं नीट पाहिली आणि सांगितलं की ह्यो पडणार. त्यांच्या धंद्यात उभ्या मूर्तीला मागून टेका लागतोच. त्यांनी प्राणी ताठ उभा केला आणि शेपूट जमिनीवर टेकवली, तिसऱ्या पायासारखी. मी पेपर तपासणीहून परत आले तोवर शेपटीवर प्लास्टर चढलं होतं. आम्ही कडाकडा भांडलो. शेवटी पाहू, अजून पुष्कळ काम बाकी आहे, म्हणून मी गप्प बसले. कंपाउंडबाहेरचे रिक्षावाले मात्र खूश होते. याला चाऱ्याला उसाचं वाडं चालतंय का, असं मला रोज विचारायचे.

मग साहेबांनी पाहुणे आणले. पेपरात फोटो द्यायचा होता आणि बिनडोळ्यांचा प्राणी फोटोत बरा दिसेना. मी वर्गावर होते. साहेबांनी आबांना विनंती केली आणि आबांनी डोळे काढले. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून काढले म्हणे. मी आले तेव्हा पिवळ्या बुबुळांचा तो प्राणी माझ्याकडे असा रोखून बघत होता की मी दारातच थबकले. इतके जिवंत डोळे त्यांनी कुठल्या गणपतीलाही काढले नसतील. पण माझं लक्ष लगेच टेकलेल्या शेपटीकडे गेलं. आमच्या घरात डोळे शेवटी काढतात. त्याला आम्ही डोळे उघडणं म्हणतो. एकदा डोळे उघडले की त्या मूर्तीला पुन्हा कानस, पटाशी, करवत लागत नाही. चूक राहिली तर राहिली.

पुढच्याच आठवड्यात दालन तपासायला पुण्याहून तज्ज्ञ आले. सभ्य माणूस, आवाज न चढवता बोलणारा. त्यांनी प्राण्याभोवती फेरी मारली, कारागिरीचं मनापासून कौतुक केलं आणि मग सांगितलं की ही उभं राहायची पद्धत फार जुन्या समजुतीची आहे. ती मुलांना खरी म्हणून दाखवता येणार नाही. ते बरोबरच होतं. मीच त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. साहेबांनी लगेच फायबरवाल्याला फोन लावला. मी म्हटलं, थांबा, दुरुस्त होईल.

आबा म्हणाले, डोळं उघडल्यात, आता कापायचं न्हाय. मी त्यांना समजावलं, विनवलं, हा देव नाही, प्राणी आहे म्हणून सांगितलं. ते आपली पटाशी, कानस पिशवीत भरायला लागले. मग माझा तोल गेला. आख्खा प्राणी भंगारात जाईल, तुमचं नाव जाईल, तो दुसऱ्याचा फायबरचा इथं उभा राहील, तेव्हा बघा आपला नियम घेऊन, असं मी बापाला चारचौघांत बोलले. आणि वर म्हटलं, “कापवत न्हाय तर उत्तरपूजा करा त्याची आणि हलवा.”

मी रागानं, टोचायला बोलले होते. आबांनी ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. हळदकुंकू, अक्षता, वाटीत दही. दुरुस्तीला बोलावलेला वेल्डर हसायला लागला होता, त्यांचं तोंड बघून त्यानं चपला काढल्या. त्यांनी प्राण्याच्या पायांवर अक्षता वाहिल्या, दह्याचा थेंब ठेवला आणि विसर्जनाआधी मूर्ती जागची हलवतात तसा तो पाट वीतभर सरकवला. हात जोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता काय करायचं ते कर.” आणि समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसले.

आम्ही शेपूट कापली. एका पायातून जाड पाइप घालून तो खालच्या पाटाला जोडला, कंबर मोडून पाठ आडवी केली, शेपूट उचलून मागं लांबवली. प्राणी पडला नाही. पण डोकं खाली घेताना चेहऱ्याला तडा गेला आणि डाव्या डोळ्याचा पापुद्रा निघाला. चेहरा लिंपून घ्यावा लागला. डोळे नव्यानं काढायचे होते.

मी आबांना बोलवायला गेले. ते म्हणाले, “गेलेल्याचं डोळं परत उघडत न्हाईत.” हाताचं कारण असेल, पुन्हा तसं साधेल की नाही ही भीती असेल, असंही मला वाटलं. विचारायचा धीर झाला नाही. आमच्या घरात मी मुकुटाच्या कडा रंगवल्या, सोंडेवरची नक्षी काढली, पण डोळ्याला कधी ब्रश लावला नव्हता. त्या दिवशी लावला. बरे आले. डावा जरा मोठा झालाय, पण बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

उद्घाटनाला साहेबांनी आबांना फेटा बांधला, शाल दिली, या प्राण्याचे शिल्पकार म्हणून ओळख करून दिली आणि माइक पुढं केला. आबा म्हणाले, “ह्यो माझा न्हवं. माझ्या लेकीचा हाय.” टाळ्यांचा कडकडाट झाला. बापानं लेकीचं कौतुक केलं म्हणून बायका डोळे पुसत होत्या. ते कौतुक नव्हतं हे त्या हॉलमध्ये फक्त मला कळत होतं. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की मी दगडांच्या कपाटामागं जाऊन उभी राहिले.

घरी जेवायला बसल्यावर मी सरळ विचारलं. सळी न सळी तुमच्या हातची, सगळ्यांसमोर ‘माझा’ म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? याच्यासाठीच तर मी एवढं सगळं केलं.

आबांनी भाकरी मोडली, कोरड्यासात बुडवली, आणि घास तसाच हातात धरून म्हणाले, “सोताला बाप म्हणायचं, आणि लेकराला कापताना भाईर च्या पीत बसायचं? आसं आस्तंय व्हय?”