चपला तिथेच होत्या

रशीदभाई गेल्याची बातमी पिंप्राळ्यात आमच्या आधी पोहोचली होती. आमच्या खात्याच्या साहेबांनी जीपमधूनच फोन लावून ती दिली होती, आणि बातमीसोबत स्वतःची बाजूही. आम्ही लाइनवर काम करणाऱ्या गँगची माणसं गल्लीत शिरलो तेव्हा जुबेदाभाभी दारात उभ्या होत्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "सुरवाडेभाऊ, साहेब म्हणतात, हे खाली उतरले होते आणि कोणाला न सांगता परत चढले. खरं आहे का?" नवऱ्याचा देह अजून दवाखान्यात होता आणि या बाईला आधी हे विचारावं लागलं. मी म्हणालो, "नाही भाभी. भाई उतरलेच नव्हते." त्यांनी मान हलवली, आत गेल्या, आणि मग त्यांचा आवाज बाहेर आला.

या पुरवणीच्या संपादकांनी मला भाईंबद्दल हळवं काहीतरी लिहायला सांगितलं. मला हळवं लिहिता येत नाही, आणि सध्या तर अजिबातच येत नाही. माझं डोकं तापलेलं आहे. ते थंड होऊ द्यायची माझी इच्छाही नाही. साहेबांचं नाव छापता येणार नाही, असंही संपादक म्हणाले. नका छापू. जळगावात ज्याला कळायचं त्याला कळेल.

भाई आमच्या गँगचे प्रमुख. उच्चदाबाच्या वाहिन्यांचे मनोरे, त्यांवरच्या तारा, फुटलेले इन्सुलेटर, सैल झालेले जोड, हे सगळं आमच्याकडे. उंच, काटकुळा माणूस, बोलणं तिखट. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे घरात हिंदी, कचेरीत शुद्ध मराठी आणि आमच्याशी अहिराणी. रोजे असले तरी मनोऱ्यावर चढायचे, आणि आम्ही संकोचून डबे झाडामागे नेले की ओरडायचे, "इकडे बसा रे, मी काय तुमची भाकर हिसकावणार आहे?" चहात इतकी साखर घालायचे की चमचा उभा राहील, असं आम्ही चिडवायचो. आणि दीर्घद्वेषी होते. हे मी कौतुकाने लिहितोय. एका ठेकेदाराने आम्हाला कुजके दोर पुरवले होते. त्या ठेकेदाराच्या मुलीच्या लग्नाला भाई गेले, आहेर केला, पंगतीत जेवले, आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता परत आले. पुढेही कधी बोलले नाहीत. मी म्हटलं, "जाऊ द्या ना भाई, सोडून द्या." तर म्हणाले, "माफ करणं अल्लाहचं काम. मी पडलो लाइनमन."

त्यांची एक पद्धत होती, ती कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. आम्ही साइटवर चपला घालून जायचो आणि चढताना बूट चढवायचो. चढणाऱ्या प्रत्येकाने आपल्या चपला मनोऱ्याच्या पायाशी ओळीने ठेवायच्या. उतरला की स्वतःच्या चपला स्वतः उचलायच्या. तारा जमिनीला जोडणारी अर्थिंगची साखळी असते. ती लावलेली असली तर चुकून वीज सोडली गेली तरी माणूस वाचतो. काम संपल्यावर ती काढायला सगळ्यांत शेवटी भाई स्वतः चढायचे, आणि चढण्याआधी ओळीकडे बघून, सगळे उतरले का म्हणून, विचारायचे, "बठ्ठा उतरनात का रे?" त्यांची चप्पल सोडून ओळीत दुसरी काही दिसली तर पाय उचलायचे नाहीत. धुळ्याला नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या गँगमधला एक जण मनोऱ्याच्या आडव्या हातावर बसून निवांत भाकर खात होता, आणि खालच्यांना वाटलं तो झाडीत गेलाय. लाइन सुरू व्हायला निमिषाचा अवकाश होता. तेव्हापासून या चपला.

एकदा गंमत झाली. आमचा हिलाल घाईत दुसऱ्याच्या चपला पायात अडकवून टपरीवर चहाला गेला, आणि त्याच्या स्वतःच्या ओळीतच राहिल्या. भाई ओळीपाशी ठाण मांडून बसले. "हाई कोनी शे?" चप्पल कोणाची ते कोणी सांगेना. आम्ही सगळे म्हणत होतो, भाई, वर कोणी नाही, दिसतंय की. तेव्हाचे साहेब फोनवरून शिव्या घालत होते, अर्धा तालुका अंधारात... अखेर हिलाल बिडी ओढत आला आणि म्हणाला, "मी चहाले गयथू ना भाई." भाईंनी त्याला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. साहेबांना मात्र शांतपणे म्हणाले, "साहेब, चप्पल खाली आहे म्हणजे माणूस वर आहे. मी डोळ्यांचं ऐकत नाही, चपलेचं ऐकतो."

त्या दिवशी आम्ही मुक्ताईनगरच्या बाजूला केळीच्या बागांमधल्या एका मनोऱ्यावर होतो. ऊन मी म्हणत होतं. नवे साहेब स्वतः साइटवर आले होते, कारण कुठल्यातरी बड्या माणसाच्या कार्यक्रमाला वीज हवी होती आणि त्यांचा फोन सारखा वाजत होता. इन्सुलेटर बदलून झाले. आम्ही उतरलो, आपापल्या चपला उचलल्या आणि सामान गोळा करू लागलो. साखळी काढायला भाई वर गेले. ओळीत त्यांचा एकच जोड उरला. तपकिरी, एका पट्ट्याला वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याची शिवण. साहेब त्या जोडापासून हाताच्या अंतरावर उभे होते, फोन कानाला. अर्थिंगची साखळी सुटून दोराने खाली येताना त्यांनी पाहिली, आणि फोनवर म्हणाले, "हो हो, झालं, सगळे खाली आहेत, घ्या लाइन." मी "साहेब, भाई वर..." एवढं म्हणेपर्यंत पलीकडच्या उपकेंद्रात बटण दाबलं गेलं होतं. पुढचं मी लिहिणार नाही. हा लेख भाभीही वाचतील.

चौकशी झाली. साहेबांनी सांगितलं, मयत खाली उतरले होते, चपला घालून जीपकडे निघाले होते, आणि काहीतरी विसरलं म्हणून परवानगीशिवाय परत चढले. मनोऱ्याच्या पायाशी म्हणे चपला नव्हत्याच. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, होत्या. चौकशीवाल्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाले, तुम्हाला धक्का बसलाय, अशा वेळी माणसाला नसलेलं दिसतं. चपला मी उचलून आणल्या होत्या, त्या टेबलावर ठेवल्या. तर म्हणाले, या कुठून आणल्या ते कोणाला माहीत? ठपका भाईंवर आला. स्वतःचा निष्काळजीपणा. ज्या माणसाने अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या चपला सांभाळल्या, त्याचा निष्काळजीपणा. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ... पण गेल्या महिन्यात नव्या भरतीच्या पोरांचा वर्ग झाला, आणि तिथे साहेबांनी फळ्यावर मनोरा काढून भाईंचं उदाहरण दिलं. असं वागू नये म्हणून. त्या वर्गात भाईंचा सख्खा पुतण्या बसला होता. तो मान खाली घालून उठून आला. त्या दिवसापासून मला भाईंच्या मरणाचं दुःख कमी आणि या फळ्याचा राग जास्त आहे. नवी पोरं उद्या त्यांचं नाव घेऊन हसतील, आणि हे मी उघड्या डोळ्यांनी होऊ देणार नाही.

चाळिसाव्याला साहेब पिंप्राळ्याला आले. सोबत फोटो काढणारा माणूस, आणि चंदनाचा हार घातलेली भाईंची मोठी तसबीर. मुसलमानाच्या घरी हार घातलेली तसबीर घेऊन जाऊ नये, एवढंही कोणाला विचारलं नव्हतं. घरच्यांनी ती मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून ठेवली. साहेब दाराशी बूट काढून आत बसले, भाई मला मोठ्या भावासारखे होते म्हणाले, चहा प्याले, रुमालाने डोळे टिपले. आमची गँग अंगणात उभी होती. माझ्या मुठी वळलेल्या होत्या. माणसाला मारायची इच्छा काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

ते निघाले, तर दाराशी बूट नव्हते. काळे, नवेकोरे, चकचकीत बूट. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पायरीखाली वाकले. शपथेवर सांगतो, ते मी घेतले नव्हते. मला ते सुचलंच नव्हतं.

"माझे बूट इथे होते," साहेब म्हणाले.

दारातून जुबेदाभाभी बोलल्या. आवाज अगदी शांत होता. "नाही साहेब. इथे बूट नव्हतेच. तुम्ही अनवाणी आला होता."

साहेब हसायला गेले आणि थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. हिलाल पुढे झाला आणि म्हणाला, "हां साहेब, अनवाणीच उनात तुम्ही. मी दखं ना, या डोळ्यांनी." मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. मी शेवटी म्हणालो, "साहेब, तुम्हाला धक्का बसलाय. अशा वेळी माणसाला नसलेलं दिसतं." त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना सगळं समजलं होतं. भर दुपारी, तापलेल्या काँक्रीटवरून, ते गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या गाडीपर्यंत उड्या मारत गेले, आणि दोन्हीकडच्या ओट्यांवरून बायका बघत होत्या. फोटोवाल्यानेही फोटो काढला.

साहेब, हा लेख तुम्ही वाचणार हे मला ठाऊक आहे. बूट सुखरूप आहेत. भाभी दर जुम्म्याला ते पुसून दाराशी ठेवतात. आल्यागेल्याने विचारलं तर कोणाचे आहेत तेही सांगतात, आणि का आहेत तेही. आता पिंप्राळ्यात तुमची एवढीच ओळख आहे. हवे तेव्हा न्यायला या. यायच्या आधी फक्त त्या वर्गात जा, तोच फळा, तीच पोरं, आणि त्यांना सांगा की चपला तिथेच होत्या. नाही सांगितलंत तरी आम्हाला घाई नाही. निवृत्तीपर्यंत तुम्ही ज्या ज्या साइटवर याल, तिथे आमच्यातला कोणीतरी मनोऱ्यावर असेल, आणि खाली उभं राहून आमचे बाकीचे लोक तुमच्या पायांकडे बघत असतील.