आईंना ऐकू येणारा बाजार

मी एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दोनदा तपासल्याशिवाय कशाखाली सही करायची नाही, ही सवय आता घरातही मुरलीय. असले गूढ अनुभव कोणी सांगायला लागलं की मी गुपचूप मोबाइल बघत बसायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते आमच्याच घरात, मुलुंड ईस्टला, दिवसाढवळ्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या काही वर्षांत त्यांचं ऐकू येणं जवळजवळ संपलं. कानाच्या मशीनमधून नुसती खरखर येते म्हणून ते डबीतच पडून असतं. आमचं बोलणं त्या ओठांवरून ओळखतात. पूर्वी भाजी आणायला गेल्या की गप्पांत हमखास उशीर करून येणाऱ्या आई, आता लग्नकार्यातही एका खुर्चीत हसरा चेहरा करून बसून राहायच्या.

आमच्या शेजारचे काका मुलाकडे बंगलोरला कायमचे राहायला गेले. जाताना त्यांनी आम्हाला एक जुनं चित्र दिलं. युरोपातल्या कुठल्याशा शहरातला व्यापाऱ्यांचा हॉल — उंच खांब, कमानी आणि खाली घोळक्याने सौदे करत उभी असलेली माणसं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं आणि मग हाताने रंगवलेलं, असं काका म्हणाले होते. कोणाचा कोट लाल, कोणाचा निळा. आम्ही ते डायनिंग टेबलासमोर लावलं.

थोड्या दिवसांनी लक्षात आलं, जेवण झालं की आई खुर्ची ओढून त्या चित्रासमोर बसतात. डोळे मिटून, छान हसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "किती बोलतात गं ही माणसं!"

मंदार — माझा नवरा — घाबरला. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ऐकू येईनासं झालं की मेंदू कधीकधी स्वतःच आवाज तयार करतो, त्यात वेड वगैरे काही नाही. मला पटलं. मी तर निश्चिंत झाले. आई खूश होत्या, मग काय बिघडलं?

पुढे मात्र त्यांचं हसणं गेलं. जेवता जेवता थांबायच्या, चित्राकडे बघायच्या. त्यात एक पोर रडतंय म्हणायच्या, आणि त्या एवढ्या गर्दीत त्याच्याकडे कोणी बघत कसं नाही, याचाच त्यांना त्रास व्हायचा. आम्ही दोघांनी भिंग घेऊन अख्खं चित्र तपासलं. एकूण एक पुरुषमाणसं. मूल कुठेच नव्हतं. आईंचं जेवण कमी झालं, चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला. शेवटी मंदार म्हणाला, हे चित्र आता घरात नको. आई उठून आत गेल्या. मला ते फार लागलं.

चित्र कोणाला द्यायचं तर निदान धड फ्रेम करून द्यावं, म्हणून मी ते स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने माझ्यासमोरच मागचे खिळे काढले आणि चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट उचलली. खालच्या बाजूला चित्र अजून होतं. बोटभर रुंदीची पट्टी, चौकटीखाली दडलेली. त्यात हॉलच्या पायऱ्या होत्या आणि पायरीवर एक लहान मूल एकटंच बसलं होतं. तोंड उघडं, हात वर केलेले. बाकी सगळं चित्र रंगीत, ते तेवढं कोरं... नुसत्या काळ्या रेघा.

मंदारला तिथूनच फोन केला. मूल नक्की आहे ना, असं त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "घरी आण."

चित्र तसंच टेबलावर आणून ठेवलं. आईंनी ते मूल पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ ना, सगळ्यांना कपडे दिले, याला तेवढं तसंच ठेवलं," म्हणाल्या. मग माझ्या मुलीची शाळेची रंगपेटी मागून घेतली. असं केलं तर जुन्या चित्राची किंमत जाते, हे मला माहीत होतं. मंदारलाही होतं. तरी त्याने ब्रशसाठी वाटीभर पाणी आणून ठेवलं. आईंनी बारीक ब्रशने त्या मुलाला पिवळा अंगरखा रंगवला.

त्या संध्याकाळी आई व्यवस्थित जेवल्या. रडणं थांबलं म्हणाल्या.

नवी फ्रेम केली, आता ते मूल दिसतं. चित्र पुन्हा जागेवर आहे आणि आई पुन्हा खुर्ची ओढून बसतात. काय बोलतात ती माणसं, असं मी एकदा विचारलं. भाषा कळत नाही म्हणाल्या. "पण ती माझ्यासाठी ओरडून बोलत नाहीत गं. आपापसात बोलतात तशी बोलतात." त्यांना कळणार नाही म्हणून आम्ही आईंसमोर आपापसातलं बोलणं आवरतं घ्यायचो, तेव्हापासून तसं करत नाही.

आवाजाचं डॉक्टरांनी सांगितलेलं कारण मी आजही मानते. पण पुठ्ठ्याखालचं मूल? काकांना फोन करून विचारलं, त्यांनी ती फ्रेम कधी उघडलीच नव्हती. मी सगळ्या शक्यता तपासल्या... हाती काही लागलं नाही.

गेल्या रविवारी आई चित्रासमोर डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्यात असं वाटून मी दबक्या पावलांनी पुढे गेले आणि काचेला कान लावला. काही नाही. गार काच, बस्स.

"अगं, जरा बाजूला हो," आई डोळे न उघडता म्हणाल्या, "आवाज अडतोय."

मी बाजूला झाले.