सायकलवाटपाचा फोटो

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर रिटायर झाले, नवीन माणूस काही मिळेना, तेव्हा हेडसरांनी तो तास माझ्या गळ्यात घातला. मी मराठीची बाई, त्यातून शाळेत नवी. मला आंबा काढता येत नाही. काढला तर मुलं त्याला वांगं म्हणतात. पण "जमणार नाही" असं तोंडातून काढायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुठला फॉर्म कुठल्या खिडकीत द्यायचा हे सांगायलाही घरात कुणी नव्हतं, तरी बी.ए. झाले, बी.एड. झाले. मग आंब्याला काय भ्यायचं? मी ठरवलं, नववीला चित्र काढायला शिकवता येत नसेल तर बघायला शिकवू.

आणि बघायला आमच्याकडे काय कमी? येरमाळ्याच्या पुढं हायवेला लागून आमचं गाव. स्टँडवर उभं राहून मान वर केली तर आभाळाआधी डिजिटल बोर्ड दिसतात. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. पोरं रोज त्यांच्याखालून येतात-जातात. शब्द वाचायला आपण त्यांना शिकवतो, फोटो वाचायला कुणी शिकवत नाही.

फोटोवाल्यांशी माझं तसं जुनंच वाकडं आहे. पदवी मिळाली तेव्हा वडील हौसेनं मला तुळजापूरच्या एका स्टुडिओत घेऊन गेले. फोटोग्राफरनं हातात दोन जाड पुस्तकं दिली, ती मी घेतली. मग त्यानं खणातून काचा नसलेला चष्मा काढला. "घाला ताई, शिकल्यासारखं दिसतं."

मी म्हटलं, "शिकलेच आहे. दिसायचं राहू द्या."

वडील म्हणाले, "घाल की गं, एवढं म्हणतेत तर." नाही घातला. फोटो निघाला तो माझ्याच डोळ्यांनी.

तर पहिल्या तासाला मी पेपरातलं एक कात्रण नेलं. दवाखान्यात फळवाटप. कॉटवर एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्या हातात एक केळं, आणि त्या केळ्याला पाच-सहा जणांचे हात.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"केळं लई जड हाय, मॅडम," मागच्या बाकावरून आवाज आला.

वर्ग हसला. मी म्हटलं, "बरं, आजोबा कुणाकडं बघतायत?"

"कॅमेऱ्याकडं न्हाय. केळ्याकडं."

"भूक लागली असंल."

"भूक न्हाय रे. हे लोक हात कधी सोडतेत, ते बघायलेत."

मग खिडकीपाशी बसणारी एक मुलगी, जी एरवी हजेरीपुरतीच बोलायची, ती म्हणाली, "त्यांना इचारलं असंल का, मॅडम?"

"काय?"

"फोटो काढू का म्हणून. विचारलं असतं तर पांघरूण तरी नीट घेतलं असतं त्यांनी."

मी पुन्हा कात्रण बघितलं. पांघरुणातून गुडघ्यापर्यंत उघडा पाय बाहेर आला होता. कात्रण मीच कापून आणलेलं, पण तो पाय मला दिसला नव्हता. तेवढ्यात तिच्या शेजारणीनं सांगून टाकलं, "मॅडम, हिचा पण फोटो लागला होता की स्टँडवर. निराधार म्हणून."

"गप गं," ती म्हणाली आणि वहीत तोंड घातलं.

पुढची हकीकत मला मधल्या सुट्टीत शेजारणीकडून कळली. आदल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावातल्या एका पाइपांच्या दुकानदारानं शाळेत स्वेटर वाटले होते. सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणतो. स्वेटर घेताना हिचा हात जोडलेला फोटो निघाला. पुढं अण्णांच्या वाढदिवसाचा बोर्ड स्टँडवर लागला. मधे अण्णा, कोपऱ्यात ही, आणि खाली ठळक अक्षरात: 'निराधारांचा आधार'. आता हिचे वडील चांगले धडधाकट. रोज सकाळी दूध घालून झालं की ते त्याच बोर्डाखालच्या हॉटेलात चहा प्यायचे. लोक सोडतात होय? "काय पाव्हणं, वर गेलात आन् चहाला माघारी आलात व्हय?" बोर्ड वाऱ्यानं फाटेपर्यंत त्या माणसानं स्टँडवर पाय ठेवला नाही. घरी मात्र हुकूम सुटला, पोरीनं यापुढं कुठल्या फोटोत उभं राहायचं नाही.

हे असं असताना दिवाळीच्या आधी बातमी आली, अण्णा नववीतल्या, वस्तीवर राहणाऱ्या मुलींना सायकली देणार.

त्या मुलीला सायकलीची किती गरज होती ते सांगायला हवं. तिची वस्ती गावापासून लांब. हायवेनं आलं तर जवळ पडतं, पण ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. मागून शेतांमधून पांदीची वाट आहे, ती निवांत, पण इतकी लांबची की पायी आलं तर पहिला तास बुडालाच. आधी मोठी बहीण सोबत असायची. ती दहावी होऊन कळंबला कॉलेजला गेली. आता एकटीला हायवेनं पाठवायला आईचा जीव धजेना. आईनं सरळ सांगितलं होतं, दिवाळीनंतर घरी बस. सायकल मिळाली तर पांदीनं वेळेत येता येणार होतं, नाही तर शाळा सुटणार होती.

हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. "मॅडम, तुमच्या त्या मुलीला समजवा. दोन मिनिटं उभं राहायचं, हात जोडायचे, झालं. फोटो नाही तर सायकल नाही."

"अण्णांनी तसं म्हटलंय का, सर?"

"म्हणायला कशाला लागतं? वाटप म्हटलं की हार आला, नारळ आला, फोटो आला." मग ते जरा थांबून म्हणाले, "आणि तुम्ही चित्रकलेच्या तासाला काय शिकवता ते येतं माझ्या कानावर. परवा परिपाठाचा फोटो काढला तर एक जण मला म्हणतो, सर, आमचे डोळे उन्हानं मिटलेत, हा ग्रुपवर नका टाकू."

"बरोबरच म्हणाला की."

"तुम्ही नवीन आहात," हेडसर म्हणाले. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. सायकली हातच्या जातील ही धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती.

संध्याकाळी मी वस्तीवर गेले. वडील रानातून नुकतेच आले होते. रुंद छाती, झुपकेदार मिशी, आवाज तर पलीकडच्या शिवारात जाईल असा. मला बाजेवर बसवलं आणि चहा यायच्या आतच मुद्द्यावर आले.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. मी निराधार दिसतो व्हय?"

"तुमच्याकडं बघून मलाच आधार वाटायलाय," मी म्हटलं.

ते मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "सायकल वाईट न्हाय. पोरीनं शिकावं असं मलाबी वाटतंय. पर तिला हात जोडून उभं करणार न्हाय म्या."

"मग कार्यक्रमाला या. तिथं सांगा."

"मी सांगाय लागलो की भांडण व्हतंय."

"मग नुसते बसा. ती सांगेल."

चहा घेऊन आलेली मुलगी म्हणाली, "मी न्हाय बोलणार, मॅडम." आणि कप ठेवून आत गेली.

पुढच्या तासाला मी वर्गाला सांगितलं, वाटपाचा असा फोटो सुचवा, जो तुम्ही घरी नेऊन दाखवाल. फळ्यावर काडीची माणसं उभी राहू लागली. कुणी म्हणालं, फोटोच नको. त्यावर पहिल्या बाकावरचा एक उठला. "असं कसं? अण्णा सायकली देणार, त्यांना काहीच नको? आपण केक कापताना फोटो काढतोच की."

"मग देणाऱ्याचा काढा. घेणाऱ्याचा कशाला?"

"एकटे अण्णा आन् मागं सायकली? दुकानाची जाहिरात वाटंल."

"घेणाऱ्याच्या तोंडावर पट्टी लावा."

"लावा की. म्हंजे चोर पकडल्यासारखं दिसंल."

मी मधे पडले नाही. इतका वेळ मराठीच्या तासाला कुणी वाद घातला असता तर मी पेढे वाटले असते. घंटा व्हायला आली तेव्हा खिडकीपाशी बसणारी ती हळूच म्हणाली, "फोटोत तसं काय वाईट नव्हतं. खाली लिहिलं ते वाईट होतं. ते आधी कुणी दाखवलंच न्हाय."

कार्यक्रमाचा दिवस आला. मैदानात मांडव, सायकलींना झेंडूच्या माळा. अण्णा पांढऱ्या कपड्यात आले, पोरांशी मोकळं बोलले. मुलीचे वडील शेवटच्या रांगेत येऊन बसले होते, हाताची घडी घालून. भाषणं झाली, नारळ फुटला, आणि पहिलंच नाव तिचं पुकारलं गेलं.

ती पुढं गेली. फोटोग्राफर म्हणाला, "हात जोड. जरा खाली बघ."

"खाली कशाला?"

"तसा चांगला येतो."

तिनं हात जोडले नाहीत. अण्णांकडं वळून म्हणाली, "अण्णा, हा फोटो कुठं लागणार? आणि खाली काय लिवणार?" समोर माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. हेडसर नारळाच्या भकलांकडं बघू लागले.

अण्णा गोंधळले. "लिहायचं काय? ते डिजिटलवालं पोरगं लिहितंय."

"मागच्या बारीला त्यानं निराधार लिवलं होतं."

"कोण निराधार?"

शेवटच्या रांगेतून वडील उभे राहिले. त्यांना माइकची गरज नव्हती. "आमी, अण्णा."

अण्णांनी डोळ्यावर हात धरून बघितलं. "अहो, तुम्ही? तुमच्या रानातलं सगळं ठिबक माझ्या दुकानातून गेलंय की."

"तेच म्हणतो म्या. दुकानात मी मालक हुतो. तुमच्या बोर्डावर गेलो आन् वारलो."

मांडव हसून लोटपोट झाला. आधी अण्णांचा चेहरा पडला, मग त्यांनाही हसू आलं. माइक ओढून म्हणाले, "मंडळी, त्या पोराच्या कॉम्प्युटरात शब्द तयारच असतेत. वाटप म्हटलं की निराधार, वाढदिवस म्हटलं की वाघ. मलाबी वाघ केलंय त्यानं. मी कुठला वाघ? मी पाइप विकतो." मग वडिलांकडं बघून आवाज उतरवला. "चुकलं, पाटील. म्या वाचलंच न्हाय. सायकल घेऊन जा. फोटो नको."

वडिलांनी हाताची घडी सोडली. "आता तसं नका म्हणू. तुमी मोठ्या मनानं देताय. काढा फोटो. माझी ना न्हाय."

हेडसरांच्या जिवात जीव आला. फोटोग्राफरनं कॅमेरा वर केला. सगळं मिटलं असं मलाही वाटलं.

"मला इचारलं न्हाय अजून," मुलगी म्हणाली.

मला वाटलं, आता वडील ओरडणार. पण ते अण्णांकडं बघत राहिले आणि अण्णा त्यांच्याकडं. दोघांनाही हे सुचलं नव्हतं. शेवटी अण्णा थोडे वाकले आणि विचारलं, "बरं बाई. काढू का फोटो?"

तिनं खरोखर विचार केला. घाई केली नाही. मग म्हणाली, "आज नको. चालवून बघायची हाय." सायकलीची माळ काढून तिनं माझ्या हातात दिली आणि मैदानाच्या कडेनं निघाली.

बाकीच्या मुलींना अण्णांनी एकेकीला विचारलं. एक-दोघी नको म्हणाल्या. बऱ्याच हो म्हणाल्या, पण हात कुणीच जोडले नाहीत. हँडल धरून, हनुवटी वर करून उभ्या राहिल्या. खाली काय लिहायचं ते अण्णांनी मला विचारलं, मी मुलींकडं बोट दाखवलं. त्यांनी आपसात भांडून ठरवलं: 'नववीच्या मुली आणि त्यांच्या सायकली'. डिजिटलवाल्यानं म्हणे अण्णांना फोन केला, "एवढंच? काहीतरी जोरदार टाकू का?" अण्णांनी फोन ठेवून दिला.

सोमवारी मी गेटपाशी उभी होते. ती पांदीच्या बाजूनं आली, चाकांना काळा चिखल, आणि मागं कॅरिअरवर त्याच वस्तीवरची पाचवीतली एक चिमुरडी. हेडसरांनी सवयीनं मोबाईल वर केला, मग खाली घेतला आणि तिला काहीतरी विचारलं. ती उतरली, दोन्ही वेण्या पुढं घेतल्या, मागं टाकल्या, पुन्हा पुढं घेतल्या.

"काढा सर. पर हिलाबी इचारा."

हेडसर त्या चिमुरडीपुढं वाकले. तिनं आधी रिबिन आवळून घेतली आणि सांगितलं, "थांबा, मला नीट बसू द्या." घंटा व्हायला अजून वेळ होता.