कडी काढण्याआधी

लग्नाच्या व्हिडिओत एकही पाहुणा सुटता कामा नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. नवरीचा चेहरा एकवेळ धूसर आला तरी लोक चालवून घेतात, पण नवरदेवाचा मामा राहिला की भांडण दुकानात येतं. दिग्रसात आमचं हे दुकान आहे. नवरा शूटिंग करतो, मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून एडिटिंग करते. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं दाखवायचं आणि वर गाणं टाकायचं, हे मला झोपेतही जमतं. अशा बाईच्या हातात नवऱ्यानं एक दिवस थरारपट ठेवला.

थरारपट म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचाच. लग्नसराई संपली होती, कॅमेरा रिकामा पडला होता आणि नवऱ्याला हौस दांडगी. गोष्ट त्याचीच. एक मुलगी संध्याकाळी स्कूटीवरून घरी निघते, मागे एक गाडी लागते. मोबाईल बंद पडलेला. इकडे घरात आई एकटी. गावात चोर दारं वाजवत फिरतात, कोणालाही उघडू नका, असं तिला शेजारणीनं बजावलेलं. मुलगी धापा टाकत दाराशी येते, भीतीनं तिचा आवाजही फुटत नाही, ती नुसती तीनदा कडी वाजवते. बाहेर लेक आहे हे बघणाऱ्याला माहीत, आईला नाही. ती उघडते की नाही, यावर सगळा खेळ.

गोष्ट ऐकता ऐकता माझ्या डोक्यात दुसरीच शिजायला लागली.

माझी आई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. बाबा गेल्यापासून एकटीच. धाकटी बहीण पांढरकवड्याला औषधाच्या दुकानात काम करते आणि तिथंच खोली घेऊन राहते. धाकटीनं साखरपुडा झालेलं लग्न मोडलं होतं. मुलात खोट नव्हती; तिला तो नको होता, एवढंच. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. आई घरोघर फिरली, हात जोडून लग्न मोडल्याचं सांगत आली, आणि परत आल्यावर धाकटीला म्हणाली, “या दारात पुन्हा उभी राहू नको.” धाकटीनं बॅग भरली. एक बोलली, दुसरीनं ऐकलं, आणि तीन वर्षं दोघींनी आपापला शब्द पाळला. हट्टात कोणी कोणाला हार जाणारी नाही. मधे मी, दोन्हीकडचे निरोप गिळणारी.

म्हणून मी ठरवलं, निदान पडद्यावर तरी या दोघींना समोरासमोर आणायचं. आईचं काम आईला द्यायचं, लेकीचं धाकटीला.

आई तयार झाली, कारण जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. तिनं एकच विचारलं, “पोरगी कोन हाय?”

“पांढरकवड्याची आहे एक,” मी म्हटलं. यात खोटं काय होतं?

धाकटीला मात्र खरं सांगितलं. तिनं फोनवर सगळी गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाली, “मंग मी स्कार्फ बांधूनच करतो. तोंड दिसलं तर आई उठून जाईन.”

तिचा भाग आम्ही केळापूरच्या रस्त्यावर शूट केला. आमच्याकडे गाडीवरच्या पोरी एरवीही डोळे सोडून सगळं तोंड बांधतात, त्यामुळे ते कोणाला खटकणार नव्हतं. आईचा भाग आईच्या घरी. तिथं नवऱ्याची पंचाईत झाली. सासूला “कट” म्हणून ओरडायचं कसं? तो अदबीनं म्हणायचा, “आई, थोडं घाबरल्यासारखं करा नं.” आई म्हणायची, “जावईबापू, मी जन्मात घाबरली नाही, आता कशी घाबरू?” पण एक गोष्ट तिला उत्तम जमत होती. तिची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत गेली. समोर माणूस उभा असताना फाइलमधून डोकं वर न काढायची कला तिच्या अंगात मुरलेली आहे. कॅमेऱ्यापुढे ती तांदूळ निवडत बसली, तर ही बाई आता वर बघेल, मग बघेल, असं वाटत राहतं आणि ती बघतच नाही.

माझं पहिलं एडिटिंग अगदीच फसलं. सवयीप्रमाणे मी सगळंच दाखवलं होतं. रस्ता, स्कूटी, मागची गाडी, गाडीचा ड्रायव्हर, त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा. नवरा म्हणाला, “हे तर वरात वाटून राह्यली.” मला राग आला, कारण बरोबर होतं.

मग एकेक काढत गेले. आधी ड्रायव्हर काढला, मग गाडीही काढली. उरले ते स्कूटीच्या आरशातले दोन दिवे. ते दिसायला लागल्याबरोबर मलाच मागे वळून बघावंसं वाटलं. धाकटीकडचे शॉट आखूड करत नेले आणि आईकडचे लांब. तिकडे चाक, हात, आरसा, पुन्हा चाक. इकडे आई, ताट, तांदूळ, आणि काही म्हणजे काही घडत नाही. पुढे समजलं की आवाज चित्राच्या आधी आणता येतो. आईच्या चेहऱ्यावरच दुरून स्कूटीचा आवाज सुरू केला, आणि आईनं डोकं वर काढलं. खरं तर ती कुकरच्या शिट्टीला वर बघत होती. पण शिट्टी काढून तिथं स्कूटी ठेवली, की ती लेकीची वाट बघत होती. तिच्या पुढे धाकटीचे डोळे जोडले. दोघी एकमेकींकडे बघताहेत असं स्वच्छ दिसलं. पांढरकवडा ते दिग्रस, मधली तीन वर्षं, आणि माझ्या एका कापानं दोघी समोरासमोर. तिथं मला रडू आलं. कॉम्प्युटर बंद करून मी चहा ठेवायला गेले.

शेवट मात्र होत नव्हता. दार उघडल्यावर दोघी एका चौकटीत दिसायला हव्यात, आणि ते कापून जोडून होत नाही. तिसऱ्यांदा कडी वाजते, आईचा हात पुढे येतो, तिथंच मी काळोख केला.

आईला दाखवायला बोलावलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघत होते. ओळखलं तर उठून जाईल, ही धास्ती होती. तिनं एकदाही हालचाल केली नाही. काळोख झाला. आई काळ्या पडद्याकडे बघत बसली.

“मंग? उघडलं का नाही तिनं दार?”

“ते शूटच नाही झालं.”

“काहून?”

“दोघी एका जागी पाहिजे नं त्याले.”

आईनं पदरानं चष्मा पुसला. “आरसा अजून तिरपाच ठेवते थे,” ती म्हणाली. “कितींदा सांगतलं, मागचं नीट दिसत नाही म्हून.”

म्हणजे पहिल्या शॉटपासून! लेकीला आईपासून लपवायला मी स्कार्फवर भरवसा ठेवला होता. दारापर्यंत गेल्यावर ती पाठमोरीच म्हणाली, “रविवारी बोलाव तिले. दिवसा ये म्हना. अंधाराची गाडी चालवू नको म्हना.”

रविवारी दुपारी आम्ही आईच्या खिडक्यांना काळे कपडे लावून संध्याकाळ केली. धाकटी आलेली होती, पण आधी आत यायचं नाही, थेट शूटिंगलाच, असा तिचाच हट्ट. ती नळापाशी सावलीत स्कार्फ बांधून उभी होती. नवऱ्यानं कॅमेरा दाराकडे लावला आणि आईला पुन्हा पुन्हा समजावलं. पहिल्यांदा कडी वाजली की हलायचं नाही. दुसऱ्यांदा हात पुढे न्यायचा आणि मागे घ्यायचा. तिसरीनंतरच उघडायचं. आईनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

बाहेर पायऱ्यांवर चपला वाजल्या, आणि आईनं कडी काढली. धाकटी हात उचलून तशीच उभी. कडी वाजलीच नव्हती.

“आई, वाजू तर द्या,” नवरा हळूच म्हणाला.

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी एकदा वाजली आणि दार सताड उघडं. माझा तोल गेला. एवढे दिवस मी केसाएवढे तुकडे मोजत काढले होते, आणि ही बाई सगळं एका हिसक्यात उधळत होती.

“आई! तीनदा वाजेपर्यंत थांब म्हटलं नं! बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे!”

आईनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिनं धाकटीचा दंड धरला होता.

“तीन वर्सं बाहेर उभी राह्यली माही लेक. आता अजून कायले उभी ठेवू?”

आणि ती स्कार्फची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, आणि धाकटी खाली मान घालून लहान पोरीसारखी हुंदके देत होती. नवरा कॅमेऱ्यामागे नाक ओढत होता. मी तर काही बघण्याच्या स्थितीत नव्हते.

ते दार लांबवणं मला सहज जमलं असतं. आईचा हात, धाकटीचे डोळे, आरशातले दिवे, सगळं सामान माझ्याकडे होतं. मी एक चौकटही वाढवली नाही. सिनेमा पाहिलेले लोक मला दुकानात येऊन सांगतात, बाकी झकास, फक्त शेवटी त्या बाईनं दार फार लवकर उघडलं.

लवकर कुठलं!